तांबडी पट्टी

सातवी ब. बाकं चौदा, पोरं एकोणतीस.
रविवारी याच खोलीत उपासना होते,
म्हणून फळ्याच्या वर खिळ्याला क्रूस
आणि फळ्यावर खडूनं उभं कापलेलं
पृथ्वीचं पोट.

मागच्या आठवड्यात ज्वालामुखी केला होता:
वारुळाची माती, आत औषधाची बाटली,
खायचा सोडा, लिंबू, विटेची भुकटी.
फसफसलं. एलिशा बेठेकरनं टाळ्या पिटल्या,
मग बोट बुडवून चाखलं.
खारट, म्हणाला.

आज कुणी टाळ्या पिटत नाही.
चार रात्री झाल्या, जमीन आतून गुरगुरते.
अख्खा ढाणा अंगणात झोपतोय
मांडणीवरची भांडी खाली उतरवून,
म्हातारी बाजेवर, पोरं पोत्यांवर,
शेळ्या मोकळ्या.
तहसीलमधून एक माणूस आला,
कागदावर लिहून गेला: सौम्य.

मी पुस्तकातलं शिकवते.
भ्रंश, नाभी, अपिकेंद्र, तरंग.
दोन तळवे एकमेकांवर घासून दाखवते
आणि मध्येच लक्षात येतं,
प्रार्थनेला हात असेच जवळ येतात.
हे बोलत नाही.

मागच्या बाकावरून फुलवंती जांभेकर उठते.
"मॅडम, जमीन देवानंच बनवली ना?
मंग तो तिले हालवते कायले?
आमी काई केलं का?"

पाळकसाहेबांकडे याला एक उत्तर आहे.
माझ्या सासूकडे दोन आहेत.
माझ्याकडे खडू आहे.

आणि एक पहाट. तिकडची, मराठवाड्यातली,
विसर्जनाच्या रात्रीनंतरची.
मी नऊ वर्षांची. दगडमातीची भिंत.
मला बाहेर काढलं.
शेजारी झोपलेली सुवार्ता आतच राहिली.
सहाची होती. तिनं काही केलं नव्हतं.
माझी पेन्सिल घेतली होती, तेवढंच.

"नाही," मी म्हणते. जरा मोठ्यानंच.
"तुम्ही काहीही केलेलं नाही."

मग पुस्तक मिटून सगळ्यांना बाहेर नेते,
घाटात, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं.
"वाच गं," फुलवंतीला सांगते.
तिचा बाप विहिरी खणतो,
खालचं तिला माझ्याहून जास्त ठाऊक.
ती बोट ठेवत जाते:
"हे काळी. मंग मुरूम.
हा मांजऱ्या, पहार लागली का भुसभुस करते.
हा पाषाण, इथं सुरुंगच पायजे.
अन् हे गेरू."
वीतभर तांबडी पट्टी,
दोन काळ्या थरांच्या मध्ये दबलेली.

वरचा थर आग होती, मी सांगते. खालचाही.
आपण निवलेल्या आगीवर राहतो.
तूर तिच्यावर, सोयाबीन तिच्यावर,
शाळेचा पाया तिचाच.
पण त्या आगीनंतर आणि या आगीच्या आधी
पुष्कळ वर्षं काहीच झालं नाही.
पाऊस पडत राहिला. दगड झिजून माती झाली.
काहीतरी उगवलं असेल, नाव नसलेलं,
कुणी न बघितलेलं.
मग पुन्हा आग आली, वरून पसरली,
आणि ती माती भाजून अशी लाल झाली.

एलिशा डोकं खाजवतो.
"म्हंजे तवा सातवा दिवस असन.
देव बसला असन थोडासा."
"इतक्या वर्साचा दिवस?"
"त्याचा दिवस त्याच्या हिशेबानं."
पोरं हसतात, चार दिवसांत पहिल्यांदा.
मी बरोबर म्हणत नाही, चूक म्हणत नाही.
पट्टीवर बोट फिरवते. बोट लाल होतं.
पदराला पुसावंसं वाटत नाही.

एलिशानं तेवढ्यात ढेकूळ उकरून जिभेला लावलंय.
"मातीच हाय," तो सगळ्यांना कळवतो.

परतताना फुलवंती माझ्या बाजूनं चालते.
उतारावर, अगदी हळू:
"मंग आज कुठं निजाचं मॅडम?
घरात का बाहीर?"

देवावर भरवसा ठेव, मी म्हणते,
आणि अंगणातच झोप.