उष्टं

डॉक्टर लेहतोवारांनी कागद फिरवून माझ्याकडे केला.
मागच्या महिन्यात चारशे, म्हणाल्या,
आता अकरा हजार.
तू खिडकीबाहेर बघत होतास, तौनो.
पार्किंगमध्ये बर्फ ढकलणारी गाडी मागेपुढे होत होती.

कधी येऊन गेला होता तो ताप? त्यांनी विचारलं.
घसा सुजलेला, मानेत गाठी, महिनाभर अंथरूण?
आणि तू, ज्याला पोरींचे वाढदिवस सांगावे लागतात,
पटकन म्हणालास : एकाहत्तर. मार्च.

मला ठाऊक आहे एकाहत्तरचा मार्च.
संसारात अशा गोष्टी कुणी सांगत नाही, त्या कळतात.
सल्लाच्या वाटेवर लाकूडतोड्यांचा तळ,
तिथे रांधायला इर्या.
बर्चच्या गाठीतून कोरलेला एकच पेला,
आधी ती प्यायची, मग तू.
तिचं उष्टं.

विषाणू घशातून शिरतो, डॉक्टर सांगत होत्या,
टॉन्सिलच्या मऊ अंधारात पांढऱ्या पेशी गाठतो
आणि थोडा दंगा करून झाला
की दिवा मालवतो.
मग नाव नाही, आवाज नाही.
पेशी दुभंगली तर तोही मुकाट दोन होतो, बस.
पहारेकरी दारावरून जातात, आत कुणी खोकतसुद्धा नाही.
लाखात एखादी पेशी, फार तर.
वर्षातून कधीतरी लाळेत उतरून
बाहेरचा वारा घेतो.

म्हणजे आठवणीत लपतो, मी म्हटलं.
मला टोमणा मारायचा होता.
त्या हसल्या नाहीत. त्या पेशींना म्हणतातच स्मृतिपेशी.

त्रेपन्न वर्षं.
आणि मी अठ्ठेचाळीस वर्षं तुझे मोजे वाळवतेय.

सप्टेंबरात हेलसिंकीला
माझ्या डाव्या कुशीतलं काढून
तुझ्या पोटात उजवीकडे शिवलं.
तुझ्या रक्ताने मला परकी म्हणू नये
म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या.
आता पहारेकरी पेंगतात.
मला हाकलायला उठत नाहीत,
तसे तिलाही अडवायला उठत नाहीत.
तिने दिवा लावलाय.

अर्धी गोळी कमी करून बघू, डॉक्टर म्हणाल्या.
जास्त कमी केली तर मूत्रपिंड रुसेल.
रुसेल, म्हणाल्या. मला ते आवडलं.

मग मी विचारलंच :
माझ्यात आहे का तो?
त्यांनी जुना कागद काढला. आहे.
कुणाकडून?
ते सांगता येत नाही. दहांत नऊ माणसांत असतो.
आईने घास चावून भरवला असेल.
भरवायची. राईची कडक भाकरी, पाइक माशाचा काटा काढून,
आम्हा पाचही जणांना.
किंवा यांच्याकडून आला असेल, त्यांनी तुझ्याकडे पाहिलं.
आणि हो, मूत्रपिंडासोबत तुमचाही यांच्यात गेला असेल.
मग हे अकरा हजार कुणाचे?
त्यांनी खांदे उडवले.

केमियार्वीपर्यंत कुणी बोललं नाही.
तळं गोठलेलं, वर कुणाच्या तरी स्कीची एकच रेघ.
वळणावर गाडी थांबवून मी थर्मास उघडला.
झाकण एकच.
आधी मी प्यायले, मुद्दाम, सावकाश.
तू उरलेली घेतलीस, तोंड वाकडं केलंस.
साखर घालायची राहिली वाटतं, म्हणालास.