पेन्सिलीनं भरा

साहेब म्हणाले होते, शंका असेल तिथं पेन्सिलीनं भरा.
म्हणून तै महिन्याच्या पहिल्या सकाळी
गळ्यात ओळखपत्र, काखेत जनगणनेचे फॉर्म
आणि कानामागे शिसपेन्सिल खोचून
मी ग्लेनकोरी मळ्याच्या सात नंबरच्या लायनीत उतरले.
पहिलंच दार आमचं.

अम्मा कोलमवरून धूर हाकलत होती.
तीन दगड, नवं मडकं,
मडक्याच्या गळ्यात पानांसकट हळदीचं रोप,
ऊस एकच, तोही हॅटनहून बसच्या टपावर आलेला.
तांदूळ सोसायटीच्या दुकानातला.
सण सुगीचा,
आणि पाच पिढ्यांत आमच्यातल्या कुणी
भाताची एक लोंबी कापलेली नाही.
आम्ही खुडतो ती पानं.
दोन पानं, एक कोंब, दिवसाला अठरा किलो,
त्यातून दवाचं वजन वजा, पाटीचं वजा,
आणि काटेवाल्याच्या मनात येईल ते वजा.
त्याची सुगी कधी असते
हे कुठल्याच पंचांगात नाही.

"नाव?"
"तुला ठाऊक नाही?"
"विचारावं लागतं, अम्मा."
"सडैयम्मा. वय तुझ्या बापाला ठाऊक होतं."

मग नऊ नंबरचा रकाना. समाज.
रामर मामा पायरीवर दाढी करत होता,
फेसातूनच म्हणाला, "श्रीलंकन तमिळ लिही, सरळ.
नाहीतर परत बोटीत बसवतील."
थेन्नरसूचं रक्त तापलं:
"मलैयहम! डोंगरातले तमिळ!
दोनशे वर्षं डोंगर आपण तासला,
नाव त्याचंच लावायचं."
मी गप्प. जाफन्याच्या कॉलेजात माझी भाषा ऐकून
तमिळ मुलीच विचारायच्या, मळ्यातली का गं तू?
फॉर्मवर तिसराच शब्द छापलेला होता. भारतीय.
अम्मानं अजून समुद्रही पाहिलेला नाही.

तेवढ्यात फोन. कोटगिरीहून पेच्ची चित्ती.
दोन सरकारांनी माणसं मोजून वाटून घेतली तेव्हा
ती तिकडच्या वाट्याला गेली, अम्मा इकडच्या.
तिकडं तिला सिलोनवाली म्हणतात. चाळीस वर्षं झाली.
"अक्का, उतू गेलं का तुझं?"
"थांब गं, अजून नाही."

पूर्वेला उतू गेलं तर वर्ष भरभराटीचं.
आमचं दर साली दक्षिणेला जातं,
अंगणच त्या बाजूला खचलंय.
म्हणून अम्मानं कनवटीतून पत्र्याचा बिल्ला काढला,
अप्पाच्या आजाच्या गळ्यात बोटीवर अडकवलेला,
मळ्याचा आकडा, माणसाचा आकडा, नाव नाही,
आणि दक्षिणेच्या दगडाखाली सरकवला.
एवढ्याशा जाडीनं काय होतं?
होतं, म्हणे.

दूध फुगलं. मडक्याच्या ओठाशी थरथरलं
आणि गेलं.
"पोंगलो पोंगल!" लायन ओरडली,
मामा अर्ध्या दाढीनं ओरडला,
फोनमधून कोटगिरी ओरडली, जरा उशिरा,
आवाजाला समुद्र ओलांडायला लागतो तेवढ्या उशिरा.
धुरात दिशा कुणालाच दिसली नाही.
ज्यानं त्यानं पूर्व म्हटलं.

"आता सांग, काय लिहू?"
अम्मानं केळीच्या पानावर गरम घास वाढला.
"स्वतःच्या फॉर्मवर काय लिहिलंस?"
माझा फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी होता.
तो मी शेवटी भरणार होते.

शेजारचं दार अंतोनीचं.
त्याच्याही अंगणात मडकं, त्यावर खडूनं क्रूस,
लाकडं ओली, बायको फुंकून फुंकून लाल.
"बसा टीचर, विचारा काय ते."
मी म्हटलं, आधी उतू जाऊ दे.
पेन्सिल कानामागे तशीच ठेवली
आणि फुंकणी हातात घेतली.