गोड्या पाण्याचा हिशेब

देऱ्यात, खाडीमागच्या गल्लीत
दुकान अजून आहे. पाटीवरचा 'स्टु' तेवढा गळालाय.
मशीन मी चालवतो. बारा रंगांची शाई, सुती कागद,
खोक्यावर छापील वचन: दोनशे वर्षं.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात:
अंधारात, गारव्यात, कुणी हात न लावल्यास.
असं ठेवलं तर मीही टिकेन.

खतीबचाचा दाभोळचे. त्यांची डार्करूम आता माझं गोदाम,
पण ऑगस्टात एसी बसला की
भिंतीतून हायपोचा आंबूस वास सुटतो
आणि चाचा खुर्चीत एकदम ताठ होतात.

काल एक बाई आल्या. पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग.
माझ्या प्रिंटांवरून त्यांची नजर नुसती घसरली.
"हे काय, कितीही निघतील." खोटं नव्हतं;
पहिला कुठला आणि नव्वदावा कुठला, मलाही सांगता येत नाही.
त्यांना हवा होता चाचांचा बिस्किटांचा डबा:
कुणी न नेलेले फोटो, चौसष्ट सालचे.
सगळ्यांच्या अंगात एकच कोट, स्टुडिओचा,
कुणाला दंडात घट्ट, कुणाच्या बोटांपर्यंत लोंबता.

एकावर कडेनं चहासारखा डाग चढत आलेला,
खांद्याशी थांबलेला.
असा दुसरा जगात नाही, बाई भिंगामागून पुटपुटल्या.

"नसणारच," चाचा म्हणाले. "पुरता धुतलाच नाय ना.
तासभर वाहतं पाणी पाहिजे. आणि पाणी यायचं
गाढवावरून, रॉकेलच्या डब्यात.
एक डबा घ्यायचो. अर्धा प्यायचो,
अर्ध्यात हे सगळे."

सौदा ठरला. मग मला हाक:
"आधी एकेक तुझ्या मशीनवर काढून ठेव.
कुणाचा नातू आला तर तोंड दाखवता यायला पाहिजे.
कागद घेऊन काय करायचाय त्याला."

पडद्यावर मशीननं विचारलं: डाग काढायचा?
मी बराच वेळ बोट अधांतरी धरून बसलो.

बाई नोटा मोजत होत्या. चाचांनी तो फोटो उलटला.
मागं पेन्सिलीनं, पुसट: बाकी रु. १.
तेव्हा इथं रुपयाच चालायचा.
"ह्यानं तर किंमत वाढते," बाई हसल्या.
"वाढू दे. पण तो एक वेगळा द्या,"
चाचा जुनी वही शोधत म्हणाले,
"ह्याच्या खात्यात जमा करायचाय."