कोरा चहा

राईस मिलच्या हाफिसात
मॅनेजरनं मोबाइल माझ्याकडे फिरवला :
हे तूच ना?
मीच. मंडईच्या रातची दंडार,
मिशी कोळशाची, हातात बाटली,
बाटलीत कोरा चहा.

आयटीआयची मार्कशीट त्यानं उलटीच ठेवली.
बोट वर सरकत राहिलं.
बहिणीचं लग्न, मोर्च्यातला निळा झेंडा,
तिथं जरा थांबलं.
तो काही विचारत नव्हता,
मी काय सांगू?

आधी चौकशीला माणूस यायचा गावात,
पानठेल्यावर विचारायचा, पोट्टा कसा आहे.
जातही विचारायचा, पण तोंडावर.
आम्हीही त्याला पाहून घ्यायचो :
चप्पल, बोलणं, चहाचे पैसे देतो का.

"कळवतो," म्हणाला.
सिंदेवाहीच्या बसमध्ये बसून
मी त्याचं प्रोफाइल उघडलं.
कुलूप.