तायी कार्ड

सरकारी दवाखान्यात कार्ड मिळालं तेव्हा वाटलं,
मला यात ताई म्हटलंय.
मी कुणाची थोरली नव्हे, तीन भावांच्या पाठचं शेंडेफळ.
गौरव्वा सिस्टर हसली. तायी म्हणजे आई गे, म्हणाली,
आणि पुढचीला हाक मारली.

अक्षरं सगळी हुलग्यांसारखी, गोल, एकाला एक लागून.
मला त्यातलं वाचता आलं एवढंच:
आठ पॉइंट चार.
आकडा दोन्हीकडं सारखाच.

घरी सासूनं पपई बंद केली. अंडं बंद.
पोटभर जेवू नको, म्हणाली,
पोर मोठं झालं तर बाहेर कसं यायचं?
रताळं तर नकोच, वाताळ पोर होतं.
आणि सोप्यात रताळ्यांची अकरा पोती उभी होती
बेळगावच्या मार्केटला जायला.
रात्री पाणी प्यायला उठले की त्यांचा गोड, मातीचा वास
घशापर्यंत येई.

तीन महिने काहीच टिकत नव्हतं.
टिकली ती शेजारच्या निंगव्वाची चटणी.
कारळ्याची. ती गुरेळ्ळू म्हणते.
भाकरीच्या पापुद्र्यावर काळी रेघ ओढून
ती परसातल्या कुंपणावरून हात लांब करी,
आणि आम्ही दोघी दोन भाषांत गप्प बसून खायचो.

मग अंगणवाडीतलं दुपारचं ताट.
भात, सांबार, पालेभाजी, उकडलेलं मोट्टे.
सासूला सांगितलं, मोट्टे खाऊन आले.
तिचं माहेर चंदगडकडलं. तिला वाटलं
कन्नड लोकांची कसली तरी भाजी असणार.
खोटं बोलले नाही मी.

गौरव्वा म्हणाली, तू खातेस ते पाण्यात उतरतं,
पोर तिथंच घोट घेतं, चव ओळखून ठेवतं.
बरं वाटलं ऐकून.
मग रात्री कुशीवर वळता वळता आलं मनात,
ते पहिले महिने? जेव्हा माझ्याच पोटात काही नव्हतं?
तेव्हा तू काय खाल्लंस रे?
माझे दात दुखत होते तेव्हा. पिंढऱ्या दुखत होत्या.
माझंच काही कुरतडत होतास की काय.
कुरतडलं असशील तर बरं केलंस.

दोन किलो तीनशे.
मान उशिरा धरलीस. कुशीवर उशिरा वळलास.
गौरव्वा तक्त्यावर ठिपका मांडायची
आणि ठिपका रेघेच्या खाली बसायचा,
उंबऱ्याबाहेर थांबलेल्या पाहुण्यासारखा.
बघायला आलेल्या बायका विचारत,
दिवस असताना काय खाल्लंस गे तू?
मावशीनं विचारलं, नणंदेनं विचारलं,
उद्यमबागच्या फौंड्रीतून आलेल्या तुझ्या बापानंसुद्धा, बूट काढता काढता.
काय वाढलं होतं,
हे कुणी विचारलं नाही.

सहाव्या महिन्यात उष्टावण. चांदीची वाटी, खीर, वेलची.
तू तोंड फिरवलंस. दुसऱ्यांदा थुंकलीस सगळी माझ्या पदरावर.
सासू म्हणाली, गोड नको म्हणणारं पोर पहिल्यांदाच बघते.
माझ्या बोटाला सकाळच्या चटणीचा काळा डाग राहिला होता.
तू बोट धरलंस. ओढलंस. चोखलंस.
तिखटानं डोळे भरले, नाक लाल झालं,
रडशील म्हणून मी पाण्याचा पेला उचलला
तर तू बोट सोडेनास.
निंगव्वा कुंपणाशी उभी होती, ओरडली काहीतरी.
मला अर्धंच कळलं. तुला बहुतेक सगळं.

आता ठिपका रेघेला टेकलाय. अजून वर नाही.
मी रोज बघत नाही. महिन्यातून एकदा बघते.

काल धाकटी जाऊ तेच कार्ड घेऊन आली,
माझ्या हातात दिलं, म्हणाली, वाच की वहिनी, काय लिहिलंय?
मी आकडा वाचला. पुढचं एक अक्षरही ओळखलं.
सासू भांडी घासत होती, पाठमोरी.
मी सोप्यात गेले,
पहिल्याच पोत्याची सुतळी दातांनी तोडली
आणि चार रताळी चुलीच्या निखाऱ्यात ढकलली,
मोठी बघून.