छाट

कारखान्यात चेकर विड्या हातावर घोळवायचा.
जाड, बारीक, तोंड नीट न मुडपलेली,
बोटाच्या एका झटक्यानं बाजूला.
छाट.
हजारातल्या साठ-सत्तर गेल्या तरी
अम्मा हूं की चूं करायची नाही.
घरी येऊन तेवढ्या पुन्हा वळायची,
पानं कमी पडली तर पदरच्या पैशानं.

मला वाटतं, बाजूला टाकणं ती तिथंच शिकली.

माझ्या वेळी सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले,
बीपी चढलं, डोळ्यांपुढं काजवे.
मी झाले, बीपी उतरलं,
सगळे म्हणाले, बाळंतपणात असतंच.
ही खूण तीस वर्षांनी लागेल
असं कुणी कुठल्या कागदावर लिहिलं नाही.
छाट.

मग त्या मार्चात जबडा.
डावीकडचा. तिनं मिश्री लावली,
दुसऱ्या दिवशी जास्त लावली.
अशोक चौकातल्या डॉक्टरनं दाढ काढली.
दाढ धडधाकट निघाली.
अम्मानं ती कात्रीच्या डब्यात ठेवली,
पैसे दिलेत म्हणाली, टाकू कशाला.

पाणी चार दिवसांआड यायचं.
हंडा उचलला की जबडा दुखायचा,
खाली ठेवला की थांबायचा.
इतकं सरळ होतं ते.
हंडा मीही उचलत होते शेजारी,
आणि मला कळलं नाही.

एका रात्री पंख्याखाली घामानं न्हाली.
मळमळ. भाऊ उठला, विचारलं त्यानं,
छातीत दुखलालंय का?
नाही, म्हणाली. खोटं नव्हतं ते.
पाठीत होतं, दोन फऱ्यांच्या मध्ये,
कुणी सुपाची कड दाबून धरल्यागत.
पित्त आहे म्हणाली. सोडा प्याली.
भाऊ झोपला.
सिनेमात पुरुष छाती धरून कोसळतो,
आमच्या घरात कुणी कोसळलं नव्हतं.

सिव्हिलमध्ये ईसीजीला पोलकं काढायचं म्हटल्यावर
तिनं पदर दोन्ही मुठींत धरला.
पडदा नव्हता.
पडदा शोधायला पंधरा मिनिटं गेली,
शेवटी मी माझी ओढणी धरून उभी राहिले.

डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या,
एक अटॅक येऊन गेलाय. महिना झाला असेल.
आम्ही बोटांवर दिवस मागं मोजत गेलो.
सोड्याची रात्र सापडली.
अम्मा जरा वेळ गप्प, मग म्हणाली,
दुसऱ्या दिवशी हजार पुऱ्या केल्या होत्या की मी.
तक्रार नव्हती. हिशोब सांगत होती.

आता बुधवारी मी मशीन घेऊन
कारखान्याच्या ओट्यावर बसते.
बायका कट्टे मोजून देतात, मग दंड पुढं करतात.
एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव.
ऊन लागलं असंल, म्हणते पेंटम्माची सून.
मी लिहिते.
जिना चढताना धाप? लिहिते.
गरोदरपणी साखर? जबडा, खांदा, पाठ?
उगाचचा थकवा, झोपूनही न जाणारा?
ह्याला काय दुखणं म्हणायचं का, त्या हसतात.
मी लिहिते.

परवा अम्मा आली होती. चालत.
मिश्री सुटलीय, चटणीतलं मीठ मात्र
माझी पाठ वळली की वाढतं.
रांग संपली. मी मशीन पिशवीत भरत होते.
तुझं कधी बघितलीस? ती म्हणाली.
मला आठवेना.
बाही वर कर, म्हणाली,
आणि तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी
पट्टा गुंडाळायला लागली,
उलटा.