सात पायांचा विंचू

उदगीरला, टायरच्या दुकानावर, पत्र्याखाली
आम्ही सहा पोरी दिवसभर कातडी बघतो.
एका फोटोला साठ पैसे.
फोटोत माणूस नसतो. कोपर असतं, पोटरी असते,
मानेमागचा चार बोटांचा तुकडा,
खाली आकडा.

काम सोपं आहे. माऊसनं डागाची कड गिरवायची,
थापताना भाकरीची कड सांभाळावी तशी,
आणि यादीतलं एक नाव टेकवायचं :
गजकर्ण, खरूज, शिबं, गळू, सांगता येत नाही.
मग यंत्र ते गिळतं.
अशा दहा हजार कडा गिळल्यावर
त्याला म्हणे आपोआप कळेल
कुठल्या अंगावर काय उगवलंय.

पहिल्या आठवड्यात जेवण जाईना.
आता एका हातात भाकर, एका हातात खरूज.

वैजनाथ सर सांगतात, घाई करू नका.
मेडिकलवरची बारकी ट्यूब चोळून चोळून
लोकांनी स्वतःच कडा पुसून टाकल्यात.
लाली जाते, बुरशी आतून पसरते.
यंत्र तिथंच फसतं.
माझा बाणही तिथंच अडतो,
पुसलेल्या कडेवर, किती तरी वेळ.

मार्चमधली दुपार. लाईट जाऊन आली.
आकडा एकेचाळीस शून्य सात. उजवं मनगट.
फरशीवर ओल्या ग्लासाचे ठसे उमटावेत
तशी लाल कडी, एकात एक अडकलेली,
आणि त्यांच्या मधोमध हिरवा विंचू.
सात पायांचा.

आठवा पाय टोचायच्या आधीच
हात ओढून पळाली होती ती, जळकोटच्या बाजारात, लग्नाआधी.
तिनंच सांगितलेलं आम्हाला,
शाळेमागं खिचडीचं पातेलं घासता घासता.
केवळाबाई.
वाढताना विंचू ताटावर यायचा,
आम्ही ओरडायचो,
ती मुद्दाम मनगट हलवायची आणि डाव
काठोकाठ भरून वाढायची.

संध्याकाळी आईला फोन केला. सहज विचारल्यासारखं.
"तिला काढली की गं दिवाळीतच.
हाताला महारोग झाला म्हणलालेत समदे.
पदरात हात घालून हिंडलाली."

फोटोवर डॉक्टरची खूण होती :
बुरशी. गोळ्या सहा ते आठ आठवडे. बरी होते.
आणि ऑफिसच्या कपाटात माझ्या सहीचा कागद :
इथं पाहिलेलं बाहेर बोलणार नाही.

कड गिरवली.
इतकी सावकाश कधीच नव्हती गिरवली.
विंचू वगळला. नियमच आहे तसा,
गोंदण म्हणजे आजार नाही,
नाहीतर यंत्र हिरव्या रंगालाही रोग म्हणेल.
गावाला हा नियम कुणी शिकवायचा
ते यादीत नव्हतं.

रविवारी गेले. ती दारात बसून
तूर निवडत होती, डाव्या हातानं.
"मावशी, हात दाखव."
"नको माय. लागंल तुला."
खोटं नव्हती बोलत, लागतंच ते.
तरी धरला.
फोटोत हात गरम नव्हता.

ती म्हणाली, "शिबिरात आशाताईनं फोटू काढलाता.
उदगीरला जातो म्हणली. तू तिथंच हाईस ना?
आलं का माझं नाव?"
"नाव येत नाही मावशी. आकडा येतो."
"मग आकडा तर आला का?"

शेजारच्या दारातून कुणी तरी बघत होतं
आमच्या दोघींच्या हातांकडं.

"लिहून दे," ती म्हणाली.
"हेडमास्तर गणिताचे हायेत. आकडा कळंल त्यांना."

पेन माझ्याकडं होता.
टोपण दातात धरून बसले, सही आठवत.
कागद तिनंच शोधून आणला, फळीवरून,
उलटा करून, मांडीवर सपाट केलेला :
त्या बारक्या ट्यूबचं
रिकामं खोकं.